तासाला एक बॉम्बर: साचे कडक आणि ड्रॉइंग मात्र रोज नवे, हे जमले कसे?

रबाळे_टूलरूम

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचे एक लहान टूलरूम आहे. प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग काढण्यासाठी लागणारे डाय आणि पंच आम्ही बनवतो. गेल्या महिन्यात एका ग्राहकाच्या ब्रॅकेटचा डाय हार्डनिंग होऊन आला, ग्राइंडिंगही निम्म्यावर आले आणि त्याच दुपारी ड्रॉइंगची नवी रिव्हिजन मेलवर येऊन पडली. एक भोक चार मिलिमीटरने सरकले होते. कडक झालेल्या एचसीएचसीआर (जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियम असलेल्या) पोलादात भोक सरकवता येत नाही, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. वायरकटने, म्हणजे तारेने पोलाद कापणाऱ्या यंत्राने, खिसा पाडून त्यात इन्सर्ट, म्हणजे वेगळा तुकडा, बसवला आणि कशीबशी वेळ मारून नेली. खर्च मात्र आमच्याच अंगावर पडला.

त्याच आठवड्यात दुसऱ्या महायुद्धातील अवजड बॉम्बर विमानांच्या उत्पादनाविषयी वाचत होतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात विलो रन येथे फोर्ड कंपनीने बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या विमानाचा कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये तिथून ६३ मिनिटांना एक विमान बाहेर पडत असे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. तिथे मोटारीप्रमाणे कडक पोलादी डाय वापरले होते, असेही वाचले. युद्धकाळात विमानाचे डिझाइन दर आठवड्याला बदलत असणार; मग ते डाय टिकले कसे? आमचा एक ब्रॅकेट चार मिलिमीटरने हलला तर महिनाभराचे गणित कोलमडते, इथे तर पंख्यापासून शेपटापर्यंत लाखो भाग. शिवाय, ब्रिटनमध्ये असा एकही अवाढव्य कारखाना नसताना लँकेस्टर विमाने सात हजारांवर कशी बनली, हेही कोणी उलगडून सांगावे. हल्ल्यांच्या कथा नकोत, त्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. कारखान्याच्या आतले सांगा.

घणसोली_हिशेबनीस

आधी आकडा तपासून घेऊ, कारण तो ऐकणाऱ्याची बहुतेक वेळा दिशाभूल करतो.

एप्रिल १९४४ मध्ये विलो रनमधून ४२८ विमाने निघाली, असा आकडा सांगितला जातो. ४२८ ला ६३ मिनिटांनी गुणले की सुमारे ४४९ तास येतात. तीस दिवसांचे अखंड तास ७२० होतात, तेव्हा घड्याळाने मोजले तर विमान तासाला नव्हे, तर सुमारे पावणेदोन तासांना एक पडत होते. पण त्या एप्रिलमध्ये पाच रविवार होते. उरलेल्या २५ दिवसांनी ४४९ ला भागले तर दिवसाला जवळजवळ बरोबर १८ तास येतात, म्हणजे नऊ-नऊ तासांच्या दोन पाळ्या. तेव्हा ६३ मिनिटे हा आकडा खोटा नाही, तो कामाच्या तासांचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की ६३ मिनिटे म्हणजे एक विमान बांधायला लागणारा वेळ नव्हे. ठाण्याहून वाशीकडे दर दहा-बारा मिनिटांनी लोकल सुटते, म्हणून वाशी दहा मिनिटांत येत नाही. तसेच हे आहे. एका विमानाचा पहिला पत्रा कापल्यापासून ते धावपट्टीवर जाईपर्यंत किती दिवस लागत होते, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. दोन विमानांमधले अंतर एवढेच तो सांगतो.

नौपाडा_वाचक

हिशेबनीस यांच्या हिशेबाला पुस्ती जोडतो, कारण टूलरूमसाहेबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर १९४४ मध्ये नसून १९४१ ते १९४३ या तीन वर्षांत आहे.

बी-२४ हे विमान मुळात कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील कन्सॉलिडेटेड कंपनीचे. त्याचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी झाले. लांब आणि अरुंद असा त्याचा डेव्हिस पंख धडाच्या वरच्या अंगाला बसवलेला होता, त्यामुळे खाली बॉम्ब ठेवायला धडाची पूर्ण पोकळी मोकळी मिळत असे. बॉम्बच्या पोकळीचे दरवाजे बाहेर उघडत नसत, तर दुकानाच्या शटरप्रमाणे गुंडाळीच्या पट्ट्यांनी धडाच्या बाजूने वर सरकत. दिसायला विमान बोजड होते. बी-१७ या दुसऱ्या अमेरिकी बॉम्बरच्या शेजारी उभे केले तर कोणी त्याला सुंदर म्हणणार नाही. पल्ला मात्र लांब होता.

जानेवारी १९४१ मध्ये फोर्डचा उत्पादनप्रमुख चार्ल्स सोरेन्सन सॅन दिएगोला गेला. तिथे त्याने जे पाहिले त्याने तो अस्वस्थ झाला, कारण विमाने एकेक करून, कुशल कारागिरांच्या हातांनी जुळवली जात होती आणि अंतिम जुळणीचा काही भाग उघड्यावर, उन्हात, पोलादी सांगाड्यावर होत होता. ऊन वाढले की सांगाडा हलायचा, संध्याकाळी परत आकसायचा, आणि म्हणून कोणतीही दोन विमाने तंतोतंत सारखी निघत नव्हती, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत बसून त्याने संपूर्ण विमानाचे मुख्य तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याची वेगळी वाट आखली आणि त्यावरून कारखान्याचा कच्चा नकाशा काढला. इमारतीची रचना अल्बर्ट कान या वास्तुविशारदाची.

नंतरचे काम कंटाळवाणे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे होते. सॅन दिएगोची ड्रॉइंगे अनुभवी कारागिरासाठी काढलेली होती. बऱ्याच गोष्टी त्यात लिहिलेल्याच नव्हत्या, कारण त्या मिस्त्रीला ठाऊक असत. फोर्डची माणसे तिथे जाऊन बसली आणि एकेका भागाचे ड्रॉइंग नव्याने काढू लागली. ज्याने आधी विमानाचा पत्रा कधी हातात धरलेला नाही, त्यालाही तोच भाग काढता यावा, हा त्यामागचा हेतू होता.

आता डायविषयी. विमान कंपन्या तेव्हा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे मऊ साचे वापरत. साचा झिजला किंवा डिझाइन बदलले, की तो वितळवून पुन्हा ओतायचा. फोर्डने मोटारीच्या सवयीने कडक पोलादी डाय केले. हजारो भाग काढायचे असतील तर ते बरोबरच होते, पण १९४२ मध्ये लढाईवरून येणाऱ्या तक्रारींनुसार हवाई दल सतत बदल मागत राहिले आणि तयार झालेले डाय भंगारात जाऊ लागले. म्हणजे तुमचा ब्रॅकेट, फक्त हजारपटीने मोठा. १९४२ च्या अखेरीपर्यंत विलो रनमधून साठसुद्धा विमाने निघाली नव्हती. ‘विलो रन’ या नावावर ‘विल इट रन’, म्हणजे हा चालणार तरी का, अशी कोटी लोक करू लागले.

यातून मार्ग निघाला तो यंत्रात नव्हे, करारात. विमाने ठरावीक संख्येच्या गटांत पाडण्यात आली. बदल मागणे थांबले नाही, पण तो बदल चालू गटात करायचा नाही, पुढच्या गटाच्या आरंभीच करायचा, असे ठरले. त्या विमानांच्या पूर्ण नावात हे आजही दिसते. बी-२४एच-१-एफओ यातला ‘१’ हा गटाचा क्रमांक आणि ‘एफओ’ हे फोर्डचे चिन्ह. जो बदल थांबूच शकत नसे, तो कारखान्यात न करता विमान तयार झाल्यावर वेगळ्या सुधारणा-केंद्रात नेऊन करायचा. म्हणजे विमान पूर्ण बांधायचे, उडवत दुसरीकडे न्यायचे आणि तिथे त्याचा काही भाग उघडून पुन्हा बसवायचा! हिशेबाने हे वेडेपणाचे वाटते, पण मुख्य ओळ न थांबण्याची ती किंमत होती.

घणसोली_हिशेबनीस

उन्हाचा मुद्दा वाचून राहवले नाही. ॲल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलाद साधारण १२. दहा मीटर लांबीचा पंखाचा तुकडा पोलादी जिगमध्ये, म्हणजे भाग जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या सांगाड्यात, धरला आणि सकाळपासून दुपारपर्यंत पंधरा अंशांचा फरक पडला, तर पंख सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढेल आणि जिग पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. दोघांत दीड मिलिमीटरहून अधिक फरक. रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे कायमचे जोडणाऱ्या खिळीच्या, भोकासाठी हा फरक म्हणजे सरळ रिजेक्शन. रबाळ्यात मे महिन्यात सकाळी आठला आणि दुपारी तीनला मोजलेला एकच लांब भाग वेगळा का भरतो, याचेही उत्तर हेच.

कोपरीचे_काका

चर्चा वाचून लिहावेसे वाटले. मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बसची बॉडी बांधण्यात उभे आयुष्य घालवले, आता कोपरीला मुलाकडे असतो. विमानातले मला काही कळत नाही, पण पत्रा आणि रिव्हेट कळतात.

सांगायचे असे की ब्रिटनमध्ये हॅलिफॅक्स नावाचे जे दुसरे अवजड बॉम्बर होते, ते बांधणाऱ्यांत लंडनच्या बसवाले होते. लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड, म्हणजे तिथली एसटी म्हणा, आणि पार्क रॉयल, डुपल यांसारखे बसची बॉडी बांधणारे कारखाने यांनी मिळून एक गट केला. कोणी शेपूट करायचे, कोणी पंखाचे तुकडे, कोणी धडाचा पुढचा भाग, आणि लीव्ह्सडन येथे सगळे जोडायचे. अशी ७१० विमाने त्यांनी दिली. शेवटच्या विमानाला त्यांनी ‘लंडन प्राइड’ असे नाव दिले होते. आम्हा बॉडीवाल्यांना हे वाचून किती बरे वाटते, ते तुम्हा पोरांना कळायचे नाही.

रिव्हेट मारणे म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी. बाहेरच्या बाजूला एक जण हवेची गन घेऊन उभा असतो आणि आतल्या बाजूला दुसरा डॉली, म्हणजे हातात मावेल असा पोलादाचा ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. आतल्याने डॉली जरा तिरकी धरली की डोके एका अंगाला फाकते आणि तो रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा मारावा लागतो. माझ्या जोडीदाराशी माझी खूण ठरलेली होती: पत्र्यावर एक टकटक केली की ठीक, दोन केल्या की पुन्हा. एका लिबरेटर विमानात रिव्हेट तीन लाखांच्या वर होते. म्हणजे तीन लाख वेळा दोन माणसांचे जमले पाहिजे. पंखाच्या अरुंद पोकळीत शिरायला मोठा माणूस मावत नसे, म्हणून विलो रनमध्ये मुद्दाम कमी उंचीची माणसे भरती केली होती. सुमारे तिसरा हिस्सा कामगार बायका होत्या, त्यांतल्या कित्येकींनी त्याआधी ड्रिल हातात धरलेले नव्हते.

आणखी एक. विमानाच्या काही रिव्हेटचा मिश्रधातू असा असतो की भट्टीत तापवून पाण्यात विझवला की तो थोडा वेळच मऊ राहतो, मग आपोआप कडक होत जातो. म्हणून असे रिव्हेट विझवल्याबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवत, आणि लागतील तेवढेच काढून, कडक व्हायच्या आत मारत. बाहेर राहिलेले परत भट्टीला. आमच्याकडे असले लाड नव्हते, पण पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर फोरमन ओरडायचा, एवढे आठवते.

रबाळे_टूलरूम

काका, टकटक करण्याची खूण वाचून आमच्या दोन्ही फिटरांना फोन दाखवला. दोघेही हसले, कारण तेही तेच करतात.

नौपाडा_वाचक यांचे ‘बदल पुढच्या गटात’ हे उत्तर पटले. पण एक शंका राहते. मऊ साचा घेतला तर झीज, कडक घेतला तर बदलाची भीती. शिवाय ॲल्युमिनियमचा ताठपणा, म्हणजे त्याचा मॉड्युलस, पोलादाच्या साधारण एकतृतीयांश असल्यामुळे वाकवल्यानंतर तो अधिक परत उसळतो, आणि मोटारीच्या पत्र्यावरचा अनुभव तसाच्या तसा चालत नाही. हे सगळे ब्रिटिशांनी कसे निभावले? लँकेस्टरविषयी कोणी सांगेल का?

ऐरोली_पंख

लँकेस्टरची कथा अपयशातून सुरू होते. ॲव्रो कंपनीचा मुख्य डिझाइनर रॉय चॅडविक याने आधी मँचेस्टर नावाचे दोन इंजिनांचे बॉम्बर काढले होते. त्याला रोल्स-रॉइसचे व्हल्चर हे २४ सिलिंडरचे इंजिन होते, आणि ते इंजिन सतत दगा देत असे. चॅडविकने धड बव्हंशी तेच ठेवले, पंख लांबवला आणि दोन व्हल्चरऐवजी रोल्स-रॉइसचीच चार मर्लिन इंजिने बसवली. सुरुवातीला त्याला ‘मँचेस्टर तीन’च म्हणत. ९ जानेवारी १९४१ रोजी ते उडाले आणि मग नाव बदलून लँकेस्टर झाले. एकूण ७,३७७ बनली, त्यांतली ४३० कॅनडात.

टूलरूमसाहेब, यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जिग, फर्मे आणि साचे मँचेस्टरसाठी आधीच तयार झालेले होते. नवे विमान काढताना त्यांतले जितके वापरता येतील तितके वापरण्यात आले, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर वर्षभरातच स्क्वॉड्रनला विमाने मिळू लागली.

उरलेले अर्धे उत्तर सांध्यांत आहे. विमानाचे धड पाच भागांत पाडलेले होते. मधला भाग पंखाच्या मधल्या भागासह एकच, आणि बाकीचे त्याला बोल्टने जोडायचे. इंजिनसुद्धा त्याचा रेडिएटर आणि आवरण यांसह एक तयार गठ्ठा म्हणून येत असे. प्रत्येक तुकडा ‘क्वीन मेरी’ या टोपणनावाच्या लांब ट्रेलरवर मावून रस्त्याने जाऊ शकत होता. त्यामुळे ॲव्रोच्या चॅडर्टन कारखान्यात भाग आणि वुडफर्ड कारखान्यात जुळणी, शिवाय विजेची यंत्रे बनवणारी मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स, मोटारवाली ऑस्टिन, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ अशा वेगवेगळ्या कंपन्यांकडे तेच विमान बांधता आले. एकाच छपराखाली सगळे ठेवणे ब्रिटिशांना परवडणारही नव्हते, कारण त्या छपरावर जर्मन बॉम्ब पडण्याची भीती रोजची होती. तोडगा सोयीचा म्हणून नव्हे, तर नाइलाजाने निघाला.

मात्र असे विखुरलेले काम एका अटीवरच चालते. चेस्टरला केलेला पंख वुडफर्डला केलेल्या धडाला बोल्टच्या भोकासकट बसलाच पाहिजे. त्यासाठी सांध्याच्या जागेचे मुख्य गेज, म्हणजे माप तपासण्याचा नमुना, एकच ठेवायचे आणि त्यावरून प्रत्येक कारखान्याचे जिग तपासायचे. सांधा पवित्र मानायचा. दोन सांध्यांच्या मधल्या भागात प्रत्येकाने हवे तर मऊ साचा वापरावा, हवे तर हाताने पत्रा ठोकावा. मला वाटते, कडक की मऊ हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो.

मर्लिन इंजिनाच्या बाबतीतही नौपाडा_वाचक म्हणतात तोच अनुभव आला. ट्रॅफर्ड पार्कच्या ब्रिटिश फोर्डने ते इंजिन घ्यायचे ठरवल्यावर रोल्स-रॉइसची ड्रॉइंगे नव्याने काढली, कारण मूळ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमीजास्त, हाताने जुळवून बसवण्याच्या हिशेबाने दिलेले होते. नंतर तिथे तीस हजारांवर मर्लिन बनली.

नौपाडा_वाचक

ऐरोली_पंख यांच्या सांध्याच्या मुद्द्याला विलो रनमधूनही दुजोरा मिळतो. एकट्या त्या कारखान्यात माणसे पुरेनात. डेट्रॉइटपासून लांब, राहायला घरे नाहीत, येणारा कामगार चार महिन्यांत सोडून जायचा. दिघ्याहून महापेला पाळीवर जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. शेवटी १९४३ मध्ये फोर्डनेही बरेच उपभाग आपल्या इतर कारखान्यांत पाठवले. शिवाय विलो रनमधून सुट्या तुकड्यांचे संच ट्रेलरवर लादून टल्सा आणि फोर्ट वर्थ येथील कारखान्यांना जात होते. विलो रनची साडेआठ हजारांवर विमाने मोजताना हे संचही त्यात धरलेले असतात, हे बहुतेक लेखांत सांगितले जात नाही.

सांधा आणि गट यांकडे दुर्लक्ष केले की काय होते, त्याचे उदाहरण म्हणजे बी-२९ हे अमेरिकेचे त्यानंतरचे अवजड बॉम्बर. पहिले उड्डाण २१ सप्टेंबर १९४२ रोजी झाले, पण त्याआधीच हजारावर विमानांची मागणी नोंदवलेली होती. डिझाइन आणि उत्पादन हातात हात घालून धावत होते. इंजिनांना आगी लागत. फेब्रुवारी १९४३ मध्ये चाचणीच्या उड्डाणात वैमानिक एडी ॲलन आणि त्याचे सहकारी गेले. १९४४ च्या आरंभी कारखान्यातून निघालेली विमाने युद्धावर पाठवण्याजोगी नव्हती, म्हणून कॅन्ससमध्ये उघड्या मैदानावर, हिवाळ्याच्या थंडीत, कामगारांनी ती दुरुस्त केली. त्या धावपळीला त्यांनीच ‘कॅन्ससची लढाई’ असे नाव दिले. तिथून ती विमाने आली कुठे, तर आपल्याकडे, खरगपूर आणि चाकुलियाच्या धावपट्ट्यांवर, एप्रिल १९४४ मध्ये, भर उन्हाळ्यात! तापणाऱ्या इंजिनांना याहून वाईट ऋतू शोधून सापडला नसता.

ऐरोली_पंख

भारताचा विषय निघालाच आहे तर एक जोड. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. युद्धात तिथे अमेरिकी विमानांची मोठी दुरुस्ती होत असे. युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर विमाने टाकून दिलेली होती, आणि ती पुन्हा उडू नयेत अशी त्यांची मोडतोडही केलेली होती. बंगळूरच्या लोकांनी त्यांतूनच निवडून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून चाळीसहून अधिक विमाने उडती केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. एका विमानाचा भाग दुसऱ्याला बसला, यातच सॅन दिएगोच्या उन्हापासून किती पुढे आले होते, ते दिसते. जगातल्या काही संग्रहालयांत आज जी लिबरेटर उभी आहेत, त्यांतली अनेक या भारतीय ताफ्यातली आहेत. एक दिल्लीत पालमला आहे.

रबाळे_टूलरूम

सर्वांचे आभार. आज त्या ग्राहकाला नवे कोटेशन पाठवताना दोन ओळी वाढवल्या. डाय हार्डनिंगला देण्याआधी लेझरने कापलेले पाच नमुने त्यांनी जोडणी करून पाहावेत आणि लेखी मंजुरी द्यावी. त्यानंतरचा बदल पुढच्या पाच हजारांच्या बॅचपासून लागू होईल. भोकांच्या जोडणीच्या बाजूचे एक गेज आम्ही बनवून त्यांच्याकडेच ठेवू, असेही लिहिले. त्यांच्या खरेदी विभागातून फोन आला होता, “हे बॅचचे काय नवीन काढलेत?” म्हणून विचारत होते.

कोपरीचे_काका

गेज दोन बनवा. एक त्यांच्याकडे, एक तुमच्या कपाटात, आणि दोन्हींवर एकच नंबर पंच करा. भांडण गेजावरूनच सुरू होते.